पुनोला पहिल्यांदा जाताय? आधी सरोवराचे दोन हात ओळखा

पुनो, पेरूतल्या तितिकाका सरोवराकाठचं गाव. पुण्याशी याचा काहीएक संबंध नाही, तरी "पुनोला चाललेय" म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "कोथरूडला उतरणार का?" गावाच्या नावामागे 'पुन्युय' हा केचुआ, म्हणजे इथल्या डोंगरांतल्या जुन्या भाषेतला, शब्द आहे, म्हणे. पुन्युय म्हणजे झोपणे. वाटेवरचे व्यापारी इथे मुक्काम करायचे, म्हणून हे झोपायचं मैदान. दुपारी 1 ते 4 वरचे सगळे विनोद इथेच करून घ्या, पुढे वेळ मिळणार नाही.

वर नावाच्या गोष्टीत आलेला 'म्हणे' लक्षात ठेवा, तो पुढे परत लागणार आहे.

हा लेख पेरूच्या दक्षिणेकडच्या पुनो प्रांतात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे. व्हिसा आणि विमानाबद्दल काही सांगत नाही, ते नियम बदलतच असतात आणि दूतावासाकडून मिळतात. मला सांगायचंय ते वेगळं. बहुतेक लोक पुनोला 'इंकांचं गाव' समजून येतात, एका दिवसात दोन बेटं उरकतात आणि निघतात. आपण दोन वेगवेगळ्या समाजांच्या शिवेवर उभे होतो, हे त्यांना कळतही नाही.

पायरी 1 : आधी नकाशा उघडा

तितिकाका सरोवराचा नकाशा काढा आणि पश्चिम काठावर पुनोचा उपसागर शोधा. दोन द्वीपकल्पांनी तो कवेत घेतल्यासारखा दिसेल. उत्तरेचा हात कापाचिका, दक्षिणेचा चुकुइतो. उत्तरेच्या हातावर केचुआ बोलतात, दक्षिणेच्या हातावर आयमारा. पुनो शहर आत, छातीशी. तिथल्या बाजारात दोन्ही भाषा ऐकू येतात आणि दोन्हींच्या वर स्पॅनिश.

प्रांतात 15 जिल्हे आहेत, पण पाठ करायची गरज नाही. ढोबळ हिशेब पुरतो. शहरातून उत्तरेला निघालात की पाउकारकोल्या, उआता, कोआता, कापाचिका, आतुनकोल्या हा केचुआ पट्टा. दक्षिणेला चुकुइतो, प्लातेरिया, आकोरा हा आयमारा पट्टा. आणि असा हिशेब बसला असं वाटतं न वाटतं, तोच दक्षिणेच्या रस्त्यावर इचू लागतं. सगळीकडे आयमारा आणि मध्येच हे केचुआ बोलणारं गाव. आपल्याकडे बेळगाव-निपाणीच्या बाजूला फिरलेल्यांना यात नवल वाटायचं नाही.

बेटांचा हिशेब आणखी वेगळा. उपसागरातल्या तरंगत्या बेटांवरचे उरोस लोक आयमारा बोलतात. त्यांची मूळ उरू भाषा इथे कुणाच्या तोंडी उरलेली नाही. उपसागराबाहेरची ताकिले आणि आमांतानी ही दोन्ही बेटं केचुआ.

इंका इथे आले ते उशिरा. त्यांच्या आधी उत्तरेला कोल्या आणि दक्षिणेला लुपाका अशी दोन आयमारा राज्यं एकमेकांशी भांडत होती. आतुनकोल्याजवळ उमायो तळ्याकाठी सिलुस्तानीला कोल्या सरदारांच्या दफनाचे दगडी मनोरे आहेत, त्यांना चुल्पा म्हणतात. सगळ्यात उंच मनोरा सुमारे 12 मीटरचा. आज त्याच्या आजूबाजूची गावं केचुआ बोलतात. म्हणजे मनोरे बांधणाऱ्यांची भाषा इथे उरली नाही. हे डोक्यात ठेवून सिलुस्तानी बघा, नाहीतर नुसते दगड दिसतील.

पायरी 2 : पहिले दोन दिवस काही करू नका

सरोवराचं पाणीच मुळी समुद्रसपाटीपासून 3812 मीटरवर आहे. कळसूबाई 1646 मीटर. लेह साधारण 3500. म्हणजे "मी लेहला जाऊन आलोय, मला काही होत नाही" म्हणणाऱ्याला इथे आणखी तीनशे मीटर चढायचेत, आणि लेहला आठ वर्षांपूर्वी काही झालं नव्हतं याला आज अर्थ नाही.

लिमा समुद्रकाठी आहे. तिथून विमानाने थेट हुलियाकाला उतरणं ही सगळ्यात सामान्य चूक. (विमानतळ पुनोत नाही. तो चाळीसेक किलोमीटरवर हुलियाकात, शेजारच्या प्रांतात आहे.) त्यापेक्षा आधी आरेकिपाला, म्हणजे 2300 मीटरच्या आसपास, दोन रात्री काढा आणि मग बसने वर या. कुस्कोहून येत असाल तर शरीर बरंच सरावलेलं असतं. त्या वाटेवर ला राया खिंड 4300 मीटरच्या वर आहे, तिथे फोटोसाठी धावत उतरू नका.

उंचीच्या त्रासाला इथे 'सोरोचे' म्हणतात. डोकं ठणकणं, मळमळ, झोप न लागणं इतपत झालं तर घाबरायचं कारण नाही. आराम, पाणी, थोडंथोडं खाणं. पण बसल्याजागी धाप लागली, चालताना झोक जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं, तर चहा-काढे करत थांबायचं नाही, ताबडतोब खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी घ्यायची की नाही हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरला विचारा, आणि सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर त्यांना सांगा.

मी स्वतः पहिल्या संध्याकाळी हौसेने चौकापर्यंत चालत गेले, वरून सरोवर दिसतं म्हणून चढावरच्या पायऱ्याही चढले, आणि पुढचे बारा तास बादलीशेजारी काढले. घरमालकीणबाईंनी काही न बोलता 'मुन्या'ची पानं उकळून आणून दिली. पुदिन्याच्या जातीची डोंगरी वनस्पती आहे, वास ओव्याची आठवण करून देणारा. बरं वाटलं ते त्या पानांनी की अंथरुणात पडून राहिल्याने, सांगता येणार नाही.

स्वयंपाक करणार असाल तर एक घरगुती गोष्ट: इथे पाणी सुमारे 87 अंशांनाच उकळतं. कुकरशिवाय डाळ शिजेल ही आशा सोडा.

पायरी 3 : नमस्कार, आणि मराठीचा अनपेक्षित उपयोग

स्पॅनिशवर काम भागतं. पण वयस्क बाईसमोर तिच्या भाषेतला एक शब्द काढलात तर चेहरा बदलतो. दक्षिणेला "कमिसाकी?" म्हणजे कसं काय, आणि उत्तर "वालिकी". उत्तरेला "अलिल्यान्चू?" आणि उत्तर "अलिल्यान्मी". चुकीच्या बाजूला चुकीचा नमस्कार केला तर कुणी रागावत नाही, पण "आम्ही आयमारा आहोत" असं शांतपणे सांगतात, आणि मग आपल्यालाच खजील व्हायला होतं. सुरक्षित उपाय म्हणजे आधी स्पॅनिशमध्ये "बुएनोस दियास" म्हणायचं आणि समोर आपसांत काय बोलतात ते ऐकायचं.

मोठ्यांना नावाने हाक मारू नका. पुरुषाला 'ताता', बाईला 'मामा'. दाढीवाल्या मामांना हाक मारायची सवय असलेल्या आपल्याला पहिले काही दिवस हे जड जातं. आयमारात बरोबरीच्या पुरुषाला 'हिलाता', म्हणजे भाऊ, आणि बाईला 'कुल्याका', म्हणजे बहीण.

आता गंमत. या दोन भाषांचा संस्कृतशी किंवा आपल्याशी काहीही नातेसंबंध नाही, पण त्या शिकताना स्पॅनिशवाल्याची जिथे दमछाक होते तिथे मराठी माणूस आरामात पुढे जातो.

पहिलं उदाहरण 'आपण' आणि 'आम्ही'. समोरच्याला धरून की सोडून, हा फरक स्पॅनिशला नाही, इंग्रजीला नाही, हिंदीलाही नाही. केचुआत 'न्योकान्चिस' म्हणजे आपण आणि 'न्योकायकू' म्हणजे आम्ही. आयमारात 'हिवासा' आपण, 'नानाका' आम्ही. एका सभेत गावचा माणूस शहरातून आलेल्या साहेबाला स्पॅनिशमध्ये काहीतरी सांगत होता आणि मध्येच शेजाऱ्याकडे वळून आयमारात बोलला. त्यातला 'नानाका' एवढा एकच शब्द मला कळला, पण त्या 'आम्ही'त साहेब धरलेले नाहीत हे समजायला तेवढा पुरला.

दुसरं म्हणजे 'म्हणे'. स्वतः पाहिलेलं आणि ऐकीव यांत केचुआ प्रत्ययानेच फरक करते. पाहिलेल्याला '-मी', ऐकलेल्याला '-सी'. आयमारात ऐकीव गोष्टीच्या शेवटी 'सिवा' येतं, शब्दशः 'म्हणतो'. आपलं 'म्हणे' जसं आलं तसंच. फक्त तिथे ते ऐच्छिक नाही. जे पाहिलं नाही ते पाहिल्यासारखं सांगणारा माणूस खोटारडा ठरतो. म्हणून तुम्ही भारताबद्दल ठणकावून काही सांगितलंत की "तुम्ही बघितलंय का?" असा प्रश्न येतो. तो उद्धटपणा नाही.

तिसरं उच्चाराचं. केचुआत 'तान्ता' म्हणजे गोळा झालेलं, 'थान्ता' म्हणजे जुनंपानं, फाटकं, आणि तिसऱ्या, घशात अडवून फटकन सोडलेल्या 'त'ने म्हटलं की पाव. त आणि थ आपल्याला जन्मापासून येतात. तिसरा मात्र जमत नाही. मी आठवडाभर बेकरीत जुनेर मागत होते आणि बाई गालातल्या गालात हसत पाव देत होती.

एका ठिकाणी मात्र मराठी उलटी पडते. आपण 'मागच्या वर्षी' म्हणतो आणि 'पुढच्या वर्षी' म्हणतो. आयमारात 'नायरा' म्हणजे डोळा, समोर, आणि भूतकाळही. 'किपा' म्हणजे पाठीमागे, आणि भविष्यही. झालेलं दिसतं, म्हणून ते समोर. होणारं दिसत नाही, म्हणून ते पाठीशी. म्हातारी माणसं पूर्वीच्या गोष्टी सांगताना हात पुढे करतात. हे कळेपर्यंत मी दर वेळी समोरच्या डोंगराकडे बघत होते.

पायरी 4 : बाजार आणि ताट

बटाटा हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला, पण बटाटा स्वतः या डोंगरांतला. केचुआत 'पापा', आयमारात 'चोके'. बाजारात जांभळे, काळपट, पिवळेधमक, बोटासारखे, आल्याच्या गड्ड्यासारखे गाठाळ असे ढीग असतात, आणि प्रत्येक ढिगाचं काम वेगळं. "कुठला चांगला?" असं विचारू नका. "सूपला कुठला?" असं विचारा.

चुन्यो मात्र जवळून बघण्यासारखा. जूनमध्ये गेलात तर पहाटे गावाबाहेर जा. सुकलेल्या गवतावर लहान लहान बटाटे एकाला एक न चिकटता पसरलेले असतात आणि हातात घेतले तर गोटीसारखे टणक लागतात, कारण रात्री पारा शून्याखाली गेलेला असतो. ऊन चढलं की ते सुटतात, मऊ पडतात. मग घरातली बायका-पोरं अनवाणी त्यांच्या छोट्या ढिगावर उभी राहतात आणि टाचेने हलके गोल फिरवत तुडवतात. पाणी फसफसून बोटांतून बाहेर येतं, साल सुटतं. ते पाणी अजून बर्फासारखं असतं. मला दोन मिनिटं उभं केलं, तिसऱ्या मिनिटाला पाय बधिर झाले आणि आठ वर्षांची पोरगी मला बाजूला सारून पुढचा ढीग तुडवायला लागली. असं काही दिवस चालतं. शेवटी उरतो तो काळा, हलका, खडखडीत चुन्यो, जो वर्षानुवर्षं टिकतो. वाहत्या पाण्यात कित्येक दिवस बुडवून ठेवलेला पांढरा प्रकार म्हणजे तुन्ता. आपण कुरडया-सांडगे उन्हाच्या जोरावर करतो, हे लोक थंडीच्या जोरावर.

शाकाहाऱ्यांनी "सिन कार्ने" एवढ्यावर विसंबू नये. कार्ने म्हणजे मटण-बीफ, त्यात कोंबडी येत नाही अशी इथली प्रामाणिक समजूत. "नी पोयो, नी पेस्कादो" (ना कोंबडी, ना मासा) असं पुढे जोडा, आणि सूप हाडांच्या पाण्याचं आहे का हे वेगळं विचारा. निर्धास्त खायचं तर 'पेस्के': किन्वा दूध आणि चीज घालून शिजवलेला, मऊ भातासारखा. 'किस्पिन्यो' म्हणजे किन्वाच्या पिठाचे वाफवलेले मुटके. किन्वा आणि आपला राजगिरा एकाच कुळातले, आणि राजगिऱ्याचा सख्खा भाऊ 'किविचा' नावाने पेरूत पिकतो. तेव्हा एकादशी असली तरी अडचण नाही.

बटाट्याच्या काढणीच्या दिवसांत, मे-जूनमध्ये, शेतातच ढेकळांची घुमटी रचून ती आतून तापवतात, मग बटाटे आत टाकून घुमटी त्यांच्यावरच पाडतात. याला वातिया म्हणतात. रायगडात पोपटी खाल्लेल्याला वेगळं समजवायला नको. सोबत 'चाको' नावाची खाण्याची माती पाण्यात कालवून देतात. होय, माती. खाऊन बघा, पोटाला बरी असते, म्हणे.

आणि 'यापा'. भाजीवाली तोलून झाल्यावर वर मूठभर टाकते, ती यापा. कोथिंबीर-मिरची फुकट मागायची आपली सवय इथे हक्काने चालते. घासाघीस मात्र बेतानेच करा. यापा मागणं हा लाडिकपणा, भाव पाडणं हा अपमान.

पायरी 5 : कधी जायचं

डिसेंबर ते मार्च पाऊस, मे ते ऑगस्ट कोरडं आकाश आणि कडाक्याच्या रात्री. दिवसा ऊन इतकं तिखट की टोपीशिवाय कपाळ सोलून निघतं.

तरी माझा कौल भर पावसातल्या फेब्रुवारीला. 2 फेब्रुवारीला कांदेलारिया मातेचा उत्सव, 2014 साली युनेस्कोच्या यादीत गेलेला. त्यात दोन वेगळे भाग असतात: आधी गावागावांचे मूळ नाच, आणि पुढच्या आठवड्यात झगमगत्या पोशाखांचे शहरी ताफे. पर्यटक दुसऱ्यासाठी येतात. तुम्ही पहिला चुकवू नका. सिकू नावाचा बांबूच्या नळ्यांचा पावा तिथे ऐका. एक सूर इकडच्याकडे, पुढचा तिकडच्याकडे, असे ते जोडीनेच वाजवावे लागतात. एक 'इरा', दुसरा 'आर्का'. एकट्याला पूर्ण चाल वाजवता येतच नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला शहराचा वाढदिवस असतो. 4 नोव्हेंबर 1668 ही स्थापनेची तारीख, आणि दुसऱ्या दिवशी दंतकथेतला पहिला इंका राजा सरोवरातून वर येतो तो प्रसंग साजरा होतो.

पायरी 6 : बेटं, आणि बेटांऐवजी एक शाळा

उरोस बंदरापासून अर्ध्या तासावर. तोतोरा नावाच्या लव्हाळ्याच्या मुळांचे मोठे ठोकळे एकत्र बांधायचे, वर कापलेल्या तोतोराचे थर द्यायचे, निलगिरीचे वासे ठोकून नांगरायचं. थर खालून कुजतो म्हणून वरून सारखा भरावा लागतो. पाय टाकला की गादीसारखं दबतं. गाणी, पोशाख, नावेची फेरी, सगळं ठरलेलं असतं. ते नकली म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ. मला ते पटत नाही. लोक कामावर आहेत, एवढंच. वाटेत शहराजवळच्या पाण्यावर हिरवं शेवाळी पांघरूण दिसेल. ते शहराच्या सांडपाण्यामुळे आहे.

ताकिलेला सकाळची नाव घ्या आणि रात्री रहा. धक्क्यापासून पाचशेच्या वर पायऱ्या आहेत, म्हणून हे बेट तिसऱ्या दिवसाआधी नको. इथे पुरुष विणतात. टोपी पूर्ण लाल असेल तर लग्न झालेलं, वरचा भाग पांढरा असेल तर व्हायचंय. चालता चालता, गप्पा मारता मारता सुया चालूच. दोन पुरुष भेटले की हात मिळवत नाहीत, कमरेच्या पिशवीतली चघळायची कोकाची पानं (कोकेन याच झाडापासून काढतात) एकमेकांच्या पिशवीत घालतात. तुम्हाला पानं दिली तर दोन्ही हात पुढे करून घ्या. फोटो आधी विचारून, आणि "नको" आलं की विषय संपला.

ज्यांना नावेचा कंटाळा आहे त्यांनी प्लातेरियाला जावं. बघायला विशेष काही नाही. पण 1902 च्या सुमारास मान्युएल सुन्यिगा कामाचो या आयमारा माणसाने इथल्या उतावीलाया गावात आयमारा मुलांसाठी शाळा काढली, जमीनदार आणि धर्मगुरू दोघांचाही रोष पत्करून. पुढे तिथे प्रोटेस्टंट मिशन आलं आणि 1913 मध्ये जमावाने त्यावर हल्ला केला. ते प्रकरण इतकं गाजलं की 1915 साली पेरूला राज्यघटना बदलून इतर धर्मांच्या उपासनेला मोकळीक द्यावी लागली. फुल्यांच्या महाराष्ट्रातून आलेल्याने तिथे दहा मिनिटं उभं राहायला हरकत नाही.

पायरी 7 : 'पारो'

पारो म्हणजे बंद. रस्त्यावर दगड, टायर, आणि सगळं ठप्प. निघायच्या आदल्या दिवशी बस टर्मिनलवर विचारा, "आय पारो?" आणि विमानाच्या आधी एक दिवस हातचा ठेवा. अडकलात तर वाद घालू नका, व्हिडिओ काढू नका. 9 जानेवारी 2023 ला हुलियाकात निदर्शनांवर झालेल्या गोळीबारात डझनाहून अधिक माणसं गेली. ती कुणाची तरी नातलग आहेत, आणि कदाचित तुमच्या घरमालकिणीचीही. विषय तुम्ही काढू नका. त्यांनी काढला तर ऐका.

पायरी 8 : निघताना

'आदियोस' म्हणू नका. दक्षिणेला "हिकिसिन्यकामा", उत्तरेला "तुपानान्चिस्कामा". दोन्हींचा अर्थ पुन्हा भेटेपर्यंत, आणि दोन्हींच्या शेवटी तोच 'कामा'. आपणही 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो.

मग बॅग रिकामी करून बघा. कोकाची पानं, कोकाच्या चहाच्या पुड्या, कोकाची चॉकलेटं, जॅकेटच्या खिशात राहिलेलं एखादं पान, सगळं बाहेर काढा. पेरूत ते कायदेशीर आहे, मुंबईच्या विमानतळावर तो गुन्हा आहे. फेकू मात्र नका. टर्मिनलच्या बाकावर कुणी म्हातारे ताता गाठोडं घेऊन बसलेले असतातच. त्यांना द्या, दोन्ही हातांनी.